मडक्याजवळची जागा

वासाची सवय होते असं जे म्हणतात, त्यांनी एमोरुतचं कांबळं एकदा धुऊन बघावं. आसेकेन्ये दुसरा पावसाळा ते कांबळं धूत होती आणि दर वेळी ते तोंड बाजूला फिरवूनच पिळत होती. वाळलं की ते चामड्यासारखं कडक व्हायचं. पाण्यात बुडवलं की चहाच्या रंगाचं पाणी सुटायचं आणि नासलेल्या माशाचा दर्प नाकात जाऊन बसायचा, तो जेवतानाही हलायचा नाही. हापशावरच्या बायका तिला खालच्या अंगाला बसवायच्या.

"आसेकेन्ये, तुझं धुणं तिकडं गं बाई. आमाला ह्याच पाण्यात सैपाक करायचाय."

"माझं न्हाई, त्येंचं हाय."

"येकच की. अंथरूण तर दोघांचं!"

अंथरूण दोघांचं राहिलं नव्हतं. धुरानं डास येत नाहीत असं निमित्त सांगून तिनं आपली चटई कधीच चुलीच्या झोपडीत नेली होती. थोरला मुलगा ओजिलाँग शहरात मोटारसायकल चालवायचा. त्याची बायको आमोदिंग घरीच असायची, पण सुनेनं सासऱ्याच्या अंथरुणाला हात लावायचा नाही, त्याच्या झोपडीत पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज. एरवी कुठल्याही रिवाजाला नाक मुरडणारी आमोदिंग हा एवढा एक मात्र डोळ्यांत तेल घालून पाळायची. त्यामुळे सगळी घाण आसेकेन्येच्या वाट्याला आली.

एमोरुत एकेकाळी बैल शिकवायचा. कसलाही मारका गोऱ्हा असो, हा आठवड्यात नांगराला लावायचा, आणि लांबलांबची माणसं त्याच्या दारात गोऱ्हे आणून बांधायची. तो माणूस आता धान्याच्या कणगीमागं एक हात कुडाला टेकून तासन्‌तास उभा राहायचा. आधी कण्हणं, मग थेंब, मग काहीच नाही, मग पुन्हा थेंब. मध्येच बरी धार लागली की कुणी बोळा कोंबावा तशी ती टपकन थांबायची. मग तो दात खाऊन पुढचं टोक चिमटीत धरायचा. शेवटी कधी रक्ताचा थेंब यायचा. सगळं उरकून वळला की पायांवर, चपलांवर, चड्डीवर ओल असायची, आणि आपल्याला ती दिसत नाही म्हणजे इतरांनाही दिसत नाही अशा ऐटीत तो अंगणातून चालत जायचा. त्या ऐटीची आसेकेन्येला ओल्या कांबळ्यापेक्षा जास्त शिसारी यायची.

त्यावर त्यानं स्वतःच एक उपाय काढला. पाणी प्यायलं की मुतायला लागतं, तर पाणीच प्यायचं नाही. भर उन्हात ओठ फुटून पापुद्रे निघाले तरी गडी तांब्याला शिवेना.

"अवं, दोन घोट तर घ्या."

"तुला काय, धुणं वाढवून पायजे?"

पाणी तुटल्यावर वास आणखी उग्र झाला, एवढंच झालं.

उपकेंद्रात ती दोघं गेली होती. तिथल्या कंपाउंडरला सगळे डॉक्टर म्हणायचे आणि तोही म्हणवून घ्यायचा. त्यानं एमोरुतला हात लावून तपासलं नाही. विचारताना टेबलामागून उठलासुद्धा नाही.

"जळजळतंय? कुठं गेला होतास रे म्हाताऱ्या?"

"शेतात."

"शेताचं नाही विचारत. बाईचं विचारतोय."

बाकावर रांगेत बसलेली माणसं फिदीफिदी हसली. कंपाउंडरनं त्याला सुई टोचली आणि मग आसेकेन्येकडं बोट केलं. "हिलाही टोचायला लागणार. नाहीतर परत हीच देणार त्याला." आसेकेन्येनं अख्ख्या रांगेदेखत पडद्याआड जाऊन लुगडं वर केलं. परतताना ती पुढं चालत होती आणि मागं वळून बघत नव्हती. वाटेतल्या चिंचेखाली मात्र ती थांबली.

"खरं सांगा. बाजारातल्या त्या दारूवालीकडं गेलता ना?"

"मला धड मुतता येत न्हाई आणि तू बाईचं काय इचारतीस?" एमोरुत म्हणाला, आणि तिथंच झाडाला हात टेकून उभा राहिला. ती बघत राहिली. किती तरी वेळानं दोन थेंब पडले. तेव्हा तिला पटलं की हा माणूस कुठल्याही बाईकडं गेलेला नाही, आणि तिला त्या कंपाउंडरच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. सुईनं जळजळ थोडे दिवस कमी झाली, पुन्हा आली. कंपाउंडर म्हणाला, "बघ, पुन्हा गेलास ना?" आणि पुन्हा सुई टोचली.

म्हाताऱ्यांची आजोन प्यायची बैठक आळीपाळीनं एकेकाच्या अंगणात भरायची. मधे मडकं, मडक्यात आंबवलेली नाचणी, वरून घरच्या बाईनं ओतलेलं कढत पाणी, आणि भोवती छोट्या स्टुलांवर बसलेल्या प्रत्येकाच्या हातात आपापली लांब नळी. नळी उजव्या हातात धरायची. डाव्या हातानं धरली तर तो साऱ्या बैठकीचा अपमान. मडक्यात वाकून बघायचं नाही, नळीतून फुंकायचं नाही, आणि सारखं उठायचं तर नाहीच. सारखा उठणारा माणूस झाडामागं जाऊन मडक्यात टाकायला कसला पाला चुरगाळून आणतोय, अशी शंका घेतली जायची. एमोरुत सारखा उठायचा. उठून आला की शेजारची स्टुलं जराशी सरकलेली असायची.

"कुणाचा बोकड सुटलाय का रं?" ओपेडुन नाक वर करून विचारायचा. हा ओपेडुन गावातला सगळ्यात मोठ्या तोंडाचा माणूस. सगळे हसायचे. वयानं सर्वांत थोर असलेला एलुंगातसुद्धा, तोंडात एक दात नसताना, हिरड्या दाखवून हसायचा.

बैठक एमोरुतच्याच अंगणात होती त्या दिवशी तो कणगीमागून परतला, तर त्याच्या स्टुलाची जागाच मिटलेली. स्टूल कुणीतरी मागं कुडाजवळ नेऊन ठेवलं होतं. पाणी ओतायला आलेली आसेकेन्ये भांडं हातात धरून बघत राहिली. एमोरुत स्वतःच्याच अंगणात, स्वतःच्याच मडक्याजवळ, वाट चुकल्यासारखा उभा होता. तेव्हा ओक्वाकोल बाजूला सरकला. त्यानं हात लांबवून स्टूल ओढलं आणि आपल्याला खेटून ठेवलं.

हा ओक्वाकोल बांधाला बांध लागलेला शेजारी. बडबड कमी. बैठक उठल्यावर तो एमोरुतला हळू आवाजात म्हणाला, "उभ्यानं हुईना तर कुशीवर पडून बघ. वाट मोकळी हुती."

"तुमाला कसं ठावं?" आसेकेन्येनं विचारलं.

"बैलांचं बघितलंय."

बैल कुशीवर पडून मुतत नाहीत हे आसेकेन्येला ठाऊक होतं. पण कुशीवर पडून एमोरुतला खरंच थोडं जमलं, म्हणून तिनं पुढं विचारलं नाही.

मग भांगलणीचे दिवस आले. पाऊस असा लागला की नाचणीच्या दुप्पट गवत वर आलं. दोन बायांच्या हातानं ते आवरणारं नव्हतं. गावाला कामाला बोलावून इर्जिक घालायला हवी होती, आणि इर्जिकीला आजोन हवी. आसेकेन्येनं नाचणीला मोड आणले, ती भाजली, आंबवली, सरपण फोडलं, आणि त्या दिवशी उजाडताना मोठं मडकं अंगणात मांडलं. माणसं आली, खांद्यावर कुदळ्या घेऊन. रिवाजाप्रमाणं घरधन्यानं पहिला घोट घ्यायचा, म्हणजे मडक्यात काही काळंबेरं नाही हे सगळ्यांना दिसतं. मग बाकीच्यांनी एकेक घोट घेऊन शेताकडं वळायचं आणि काम झाल्यावर येऊन मडकं संपवायचं.

एमोरुत धुतलेला सदरा घालून बसला. त्यानं नळी तोंडात धरली, ओढली. ओढताना पोटावर जोर आला असेल. चड्डीवर काळा डाग पडला, मांडीवर पसरला, आणि पोटरीवरून एक बारीक ओघळ मडक्याच्या बुडाकडं निघाला. सगळ्यांनी बघितलं.

"माझं पोरगं तापलंय," एक बाई म्हणाली आणि वळली.

"माझी गाय अडलीया."

"मला वाटलं इर्जिक उद्या हाय..."

ओपेडुननं तर निमित्तही शोधलं नाही. तो मातीत पचकन थुंकला. "ह्या मडक्याला त्वांड लावण्यापरीस मी डबक्यातलं पिईन," म्हणाला आणि कुदळ खांद्यावर टाकून चालू लागला. अंगण रिकामं झालं. एकटा ओक्वाकोल उरला. त्यानं पुढं होऊन आपली नळी मडक्यात घातली, एक घोट घेतला आणि आसेकेन्येला म्हणाला, "चल. गवत काय आपल्यासाठी थांबणार न्हाई."

दोघांनी आणि आमोदिंगनं ऊन चढेपर्यंत भांगललं. तेवढं झालं ते एका कोपऱ्यातच. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. ओक्वाकोल मधूनमधून बांधापलीकडच्या झुडपात जायचा आणि बराच वेळ यायचा नाही. आसेकेन्ये त्या दिवशी इतकी पेटलेली होती की तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. ज्यांच्या शेतात आपण वाकून वाकून कंबर मोडली त्या माणसांची तिला घृणा आली होती, आणि ज्याच्यामुळं ती गेली त्या माणसाची त्याहून जास्त.

इकडं एमोरुत अंगणातून हललाच नव्हता. कुणी पीत नाही तर मी पितो, या हट्टानं त्यानं ते वीस जणांचं मडकं एकट्यानं ओढायला घेतलं. कित्येक दिवस घसा कोरडा ठेवलेला माणूस. शेतावरून ती परतली तेव्हा तो मडक्याशेजारी आडवा पडून गुरासारखा ओरडत होता. बेंबीखाली पोट असं वर आलं होतं की सदऱ्याखाली दुसरं मडकं लपवलं आहे असं वाटावं. हात लावला की किंचाळायचा. थेंबही येत नव्हता. कुशीवर वळवलं, पालथं घातलं, काही उपयोग नाही.

मरू दे, असं आसेकेन्येच्या मनात स्पष्ट आलं. मरू दे, कांबळं जाळून टाकीन. हा विचार तिनं काही झटकून टाकला नाही. पण तेवढ्यात ओक्वाकोलनं बैल जुंपले होते.

"बघत काय उभी राहिलीस? पाय धर त्याचे!"

डांबरी रस्त्यापर्यंत बैलगाडी, तिथून शहराची टॅक्सी. टॅक्सीतली माणसं नाकाला कापड लावून खिडकीकडं तोंड करून बसली होती.

मोठ्या इस्पितळातल्या ब्रदरनं एमोरुतला खाटेवर घेतलं, इंद्रियातून रबरी नळी आत सरकवली, आणि पिशवीत पाणी पडायला लागलं. तांबूस, गढूळ, तळाला पू असलेलं. शेजारच्या खाटेवरच्यानं कूस बदलली. पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. एमोरुतचं पोट हळूहळू खाली बसलं आणि तो रडायला लागला. आसेकेन्येनं त्याला आजवर रडताना पाहिलं नव्हतं, त्याच्या आईला पुरतानाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण आली. कोवळी पोर, केसांच्या बारीक वेण्या घातलेली. तिनं नाव विचारलं, गाव विचारलं, मग कूळ विचारलं.

"इरारक," एमोरुत म्हणाला.

"मीही इरारकचीच."

एमोरुतनं चादर गळ्यापर्यंत ओढली. एका कुळाची म्हणजे ती त्याची लेकच झाली. "मग भाईर जा, पोरी. बापाचं असलं बघायचं नसतं."

"बघत नाही बाबा. भिंतीकडं तोंड करा, गुडघे पोटाशी घ्या. मागून बोट घालून तपासायचंय."

"काय घालून?"

ती हातमोजा चढवत होती. एमोरुतनं आसेकेन्येकडं पाहिलं. "उचल माझी कापडं. घरला चल. हितं मरण्यापरीस तिथं मरतो."

आसेकेन्येच्या डोक्यात इतक्या दिवसांचं सगळं एकदम चढलं. "घरला? कुणाच्या घरला? मी ते कांबळं पुन्यांदा धुनार न्हाई, सांगून ठेवते. त्या कंपाउंडरानं तुमच्यापायी मला समद्यांदेखत सुई टोचली. मी वर केलं ना लुगडं? आता तुमी वळा."

एमोरुत वळला. बोट आत गेलं तेव्हा तो बोकडासारखा ओरडला, आणि सगळं संपलं तरी तो ओरडतच होता, इतक्या लवकर ते झालं.

"लिंबाएवढी गाठ असते तिथं प्रत्येक पुरुषाला," डॉक्टरीण हातमोजा काढत म्हणाली. "वय झालं की फुगते. तुमची रताळ्याएवढी झालीय. मुताची वाट आवळून धरते. पाणी पुरतं बाहेर पडत नाही, आत साचून कुजतं. आणि साचलेल्या पाण्यात काय होतं? गाळ धरतो, त्याचे खडे होतात." फोटो काढला तेव्हा तेही दिसलं. काळ्या काचेवर ओटीपोटात तीन पांढरे गोळे, होल्याच्या अंड्यांसारखे. "धार मधेच थांबायची ना? हे गोळे येऊन तोंडाशी बसायचे. आडवं पडलं की बाजूला व्हायचे. त्यात तुम्ही पाणी तोडलंत."

"म्हंजी बाईचा रोग न्हाई?" आसेकेन्येनं विचारलं.

"बाईचा काय संबंध?"

आसेकेन्येचा हात आपोआप सुई टोचलेल्या जागी गेला.

ऑपरेशनसाठी ओजिलाँगनं घरच्या जोडीतला एक बैल विकला. बेंबीखाली चिरून गाठही काढली आणि खडेही. नंतर नळीतून पाणी आत सोडून धूत राहायचं होतं. लाल पाणी यायचं, मग गुलाबी, मग नितळ. पिशव्या आसेकेन्येच ओतायची. नळी निघाल्यानंतर एका सकाळी ती इस्पितळाच्या मागल्या भिंतीशी भांडी घासत होती. पलीकडून आवाज आला, एकसारखा, न तुटता, पत्र्यावर पागोळी पडावी तसा. तो एमोरुत आहे हे तिला खोकल्यावरून कळलं, आणि ती घासणी हातात धरून खुळ्यासारखी हसत बसली. किती तरी दिवसांनी तिला तो माणूस आवडला.

ते आवडणं फार दिवस टिकायचं नव्हतं.

एमोरुत घरी आला तो खडे बाटलीत घालून. निम्मी नाचणी गवतानं खाल्ली होती. निम्मी उभी होती, कारण ती दोघं इस्पितळात असताना ओक्वाकोल रोज जाऊन भांगलत होता. आसेकेन्येनं घरात उरलेल्या नाचणीतून मडकं लावलं. बैठक भरली. जे इर्जिकीतून उठून गेले होते ते सगळे आले, ओपेडुन तर सर्वांत आधी. एमोरुतला मधली जागा दिली. बाटली हातोहात फिरली.

"आरं बापरे! हे तुझ्या पोटात व्हतं?"

"मग! डॉक्टर म्हणाला, असा गडी बघितला न्हाई. मशिनीत घातलं, फोटू काढला, कापलं, झालं."

बोटाचं त्यानं काही सांगितलं नाही. डॉक्टरणीचा डॉक्टर झाला होता, तेही आसेकेन्येनं ऐकलं. ती कढत पाणी घेऊन आली तेव्हा ओक्वाकोल उठून कणगीमागं जात होता. थोड्या वेळानं परतला, बसला, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा तो परतत असताना त्याच्या खाकी विजारीवर पुढं हाताएवढा ओला डाग होता. तो हातानं झाकायचा प्रयत्न करत होता आणि ताठ चालत होता. ती ऐट आसेकेन्येनं लगेच ओळखली. कुशीवर पडायचा सल्ला, बांधापलीकडचं झुडूप, सगळं तिच्या ध्यानात आलं.

आणि त्याच वेळी एमोरुतनं आपलं स्टूल उचललं. ओक्वाकोलच्या शेजारून उचललं आणि ओपेडुनच्या बाजूला नेऊन ठेवलं. मग नाक वर करून म्हणाला, "कुणाचा बोकड सुटलाय का रं?"

सगळे खो खो हसले. सर्वांत मोठ्यानं एमोरुत हसला, टाके ओढले म्हणून पोट धरून हसला. ओक्वाकोल मडक्यापासून चार पावलांवर थांबला होता.

दोन पावसाळे आसेकेन्येला ज्या वासानं ओकारी येत होती, त्या वासाचीही तिला अशी शिसारी कधी आली नव्हती. समोर बसलेल्या त्या धुतल्या, कोरड्या, स्वच्छ माणसाची तिला इतकी किळस आली की हातातलं भांडं तिनं खाली आदळलं.

ती मडक्याजवळ गेली. एमोरुतची नळी तिनं डाव्या हातानं धरली आणि ओढून बाहेर काढली. हसू जागच्या जागी थांबलं.

"ए, काय करतीस?"

"ह्येंनी तुमाला सगळं सांगितलं, येक सांगायचं राहिलं," ती म्हाताऱ्यांना म्हणाली. "मशिन मागनं आली. आधी पोरीएवढ्या डॉक्टरणीनं ह्येंच्या ढुंगणात बोट घातलं. मी उशाशी उभी व्हते. बोकडासारखे वरडले. ते बोट घातलं म्हणून गाठ सापडली, आन्‌ गाठ सापडली म्हणून आज हितं बसून दुसऱ्याला हसायला आलेत. सोमवारी मी ओक्वाकोलला घिऊन जानार. डॉक्टरणीचं दार मला ठावं हाय. कुणाला हसायचं आसंल त्यानं आत्ताच हसून घ्या."

कुणी हसलं नाही. ओपेडुन आपल्या नळीच्या टोकाकडं बघत बसला. एमोरुतची मान खाली गेली होती आणि कान काळे-जांभळे झाले होते. ओक्वाकोल अजून उभाच होता. आसेकेन्येनं एमोरुतच्या बुडाखालचं स्टूल ओढायला घेतलं, तेव्हा तो उठला. तिनं ते परत ओक्वाकोलच्या स्टुलाला खेटून ठेवलं, नळी एमोरुतच्या हातात दिली आणि पाण्याचं भांडं उचललं.

ती ओतत असताना मडक्यापलीकडून म्हातारा एलुंगात हळूच पुढं वाकला. आजूबाजूला बघत, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यानं विचारलं,

"दुखतं का गं लई?"

सगळ्यांनी ऐकलं. आसेकेन्येनं वर पाहिलं, तर मडक्याभोवतीचे सगळे म्हातारे तोंडातल्या नळ्या तशाच धरून तिच्या उत्तराची वाट बघत होते. ओपेडुनसुद्धा.